शिलेदाराची खतावणी

शिवकालीन घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत, हे शाळेतला इतिहास ज्यांनी परीक्षेपुरताच वाचला त्यांनाही आठवत असेल: ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार व स्वतःच्या चिंता घेऊन चाकरीस हजर होई तो शिलेदार. इंग्रजीतला ‘फ्रीलान्सर’ हा शब्दही मूळचा भालाइताचाच; कोणा एका सरदाराशी न बांधलेल्या, मोबदल्यासाठी लढणाऱ्या स्वारांसाठी वॉल्टर स्कॉटने १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत तो वापरला, आणि पुढे हत्यार टाकून लेखणी, कुंचला अथवा संगणक उचललेल्या सर्वांनाच तो चिकटला. आपल्या दफ्तरात त्याच अर्थाचा, किंबहुना अधिक नेमका शब्द पडून असताना परक्या भाल्याची उसनवारी कशाला करावी, असे मला वाटते. म्हणून मी स्वतःला शिलेदार म्हणवतो. भाषांतर आणि मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय. संगणक माझा, विजेचे बिल माझे, खुर्ची माझी आणि त्या खुर्चीने दिलेली पाठदुखीही माझीच. केलेल्या कामाच्या मोबदल्यातून दहा टक्के कर आधीच कापून सरकारजमा होतो, आणि उरलेले नव्वद टक्के बहुधा ‘पुढल्या आठवड्यात नक्की’ या मुदतीवर तहकूब असतात. नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करावेत, असे २००६ च्या कायद्यात आहे खरे. परंतु तगादा लावणाऱ्याने त्या कायद्याचा उच्चार केला की पैसे येतात आणि पुढचे काम येत नाही, हा अनुभव या पेशात सार्वत्रिक आहे.

तथापि पैशापेक्षाही बिकट अडचण आहे ती वारांची. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडा केला आणि १० जून १८९० रोजी ती मंजूर झाली. कचेरीत जाणारा मनुष्य त्या झगड्याचे फळ आजही नकळत चाखत असतो. पण ज्याला कोणी नोकरीतच ठेवलेले नाही, त्याला सुटी देणार कोण? खेड्यात निदान आठवड्याचा बाजार असतो आणि त्या दिवसाला टांगून बाकीचे दिवस उभे राहतात. (सात दिवसांना आपण ‘आठवडा’ का म्हणतो, याचे माझे घरगुती उत्तर असे की, हा शब्द घडवणाऱ्याने या बाजारापासून त्या बाजारापर्यंत मोजताना दोन्ही बाजार धरले असावेत.) माझ्याकडे बाजार नव्हता. एका वर्षअखेरीस मागे वळून पाहिले, तर त्या संपूर्ण वर्षातून मला केवळ काम पोचवण्याच्या तारखा आठवत होत्या; काय पाहिले, काय ऐकले, घरात काय सुधारले वा बिघडले, याचा मागमूसही नव्हता. त्या दिवशी मी कोरी वही काढली.

वहीची पद्धत आजोबांच्या दुकानातून आली. जुन्या जमाखर्चात दोन पुस्तके असत: कीर्दीत रोजचा व्यवहार जसा घडला तसा, त्याच क्रमाने उतरवायचा; आणि खतावणीत तेच व्यवहार ज्याचे त्याच्या खात्यावर नेऊन मांडायचे, म्हणजे कोणाकडे काय बाकी आहे ते एका दृष्टिक्षेपात कळते. माझ्या डोक्यात दिवसाची कीर्द आपोआप लिहिली जातच असते. शनिवारी दिवेलागणीच्या सुमारास तीतून निवड करून मी खतावणी लिहितो आणि तीत तीनच खाती ठेवली आहेत: संस्कृती, यंत्र आणि घर. त्या आठवड्यात या तिन्हींपैकी मनापासून आवडलेले जे काही असेल तेवढेच नोंदायचे. एखाद्या खात्यात काहीच नसेल तर तिथे शून्य लिहायचे, उगाच भर घालायची नाही.

अशा साप्ताहिक आवडीनिवडी नियतकालिकांतून हल्ली पुष्कळ वाचावयास मिळतात आणि त्या मी आवडीने वाचतोही; परंतु त्यांतल्या अनेकांना लागलेली एक कीड मला ओळखता येते. लिहिणारा प्रारंभी आपल्याला काय आवडले ते सांगतो, काही महिन्यांनी आपण काय विकत घेतले ते सांगू लागतो, आणि पुढे कोणी काय फुकट पाठवले त्याचीच ती यादी होऊन बसते. आवड ही खरेदीहून निराळी वस्तू आहे. म्हणून माझा एक दंडक असा की, जी वस्तू केवळ नवी आहे म्हणून डोळ्यांत भरली तिला वहीत जागा नाही. ती निदान एकदा बिघडलेली, अडलेली किंवा परीक्षेस उतरलेली असली पाहिजे. ह्या दंडकाची आता झाडाझडती देतो, कारण गेल्या आठवड्याची नोंद अजून ओली आहे.

मंगळवारी माझ्या कळफलकावर चहा सांडला. शेजाऱ्यांचा एक जुना कळफलक मिळाला, पण त्यावर देवनागरीचे एकही चिन्ह नव्हते, आणि काम तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवायचे होते. घाबरत टंकनास बसलो आणि पाच मिनिटांत ध्यानात आले की, अक्षरे कळांवर नसून माझ्या बोटांत आहेत. हे श्रेय माझे नव्हे, ‘इनस्क्रिप्ट’ या रचनेचे आहे. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण म्हणून ठरवली, आणि तिची बैठक आपल्या वर्णमालेवरच आहे: स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे, आणि मराठीत ज्यांचा सतत राबता असतो ते प, र, क, त, च हे वर्ण मधल्या ओळीत, उजव्या बोटांच्या अगदी खाली. अल्पप्राण साधा मिळतो, त्याचाच महाप्राण वरची कळ दाबून: क चा ख, त चा थ, च चा छ. आपल्या भाषेत व्यंजनामागून मात्रा, मात्रेमागून व्यंजन असा क्रम चालत असल्यामुळे हात आळीपाळीने पडतात आणि टंकनाला एक ताल येतो. ज्यांनी रोमन अक्षरे बडवून मराठी उमटवण्याची सवय लावून घेतली, त्यांना ही रचना शिकण्यास पंधरा दिवस लागतात, आणि त्या पंधरा दिवसांचीच तसदी बहुतेकांना नको असते.

पण ज्या कामाची एवढी घाई होती त्यातच आणखी एक गंमत दडलेली होती. एका शिक्षणसंस्थेची ती स्मरणिका. तिच्या पहिल्याच पानावर संस्थेच्या ‘आचाऱ्यांना’ विनम्र अभिवादन केलेले. संस्थापक आचार्य होते, आचारी नव्हते. टंकन करणाऱ्याने एका ठिकाणी ‘सुधारणा’ करताना साऱ्या मजकुरातला ‘र्य’ एका झटक्यात ‘ऱ्य’ करून टाकला होता, त्यामुळे कार्य, धैर्य, सूर्य सगळ्यांचीच मान मुरगळली होती. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या: मराठीत ह्या जोड्यांचा उच्चार निराळा, अर्थ निराळा, आणि म्हणून लेखनही निराळे हवे. पहिल्या जोडाक्षरात र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. दुसऱ्यात तो पापणीच्या केसासारखा वाकून पुढच्या अक्षराला बाजूने बिलगतो. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यासमोर त्यासाठी निराळा खिळा असे, आणि देवनागरीच्या जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या इतकी फुगे की, ती कमी कशी करावी या विवंचनेत खुद्द लोकमान्य टिळकांनी बराच काळ खर्ची घातला.

संगणकाने हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवला. जगातल्या लिप्यांना एकाच पटावर बसवणारी ‘युनिकोड’ ही संहिता १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीला १२८ घरांची एक वसाहत मिळाली आणि तिची मांडणी भारतातच आधी तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेतावरून घेतली गेली. जोडाक्षरांना या वसाहतीत घर नाही. तिथे फक्त मूळ वर्ण आणि हलन्त राहतात, आणि त्यांना जुळवून जोडाक्षर काढून दाखवणे हे टंकाचे काम. र, हलन्त, य असा क्रम दिला की रफार येतो. नुक्ता दिलेला ऱ, मग हलन्त, मग य असा दिला की आचारी स्वयंपाकघरात परत जातो. इनस्क्रिप्टमध्ये हा ऱ साध्या र च्याच कळेवर, वरच्या मजल्यावर राहतो. ‘ॲप’ आणि ‘ॲसिड’ लिहायला लागणाऱ्या ॲ ची कथा अधिक करुण आहे: त्याला स्वतःचे घर मिळायला २००८ साल उजाडले, तोवर तो अ च्या डोक्यावर चंद्र ठेवून कसाबसा दिवस काढत होता आणि अनेक पडद्यांवर तो चंद्र एका गोल ठिपक्याला टांगलेला दिसे. बुधवारी पहाटे स्मरणिका पोचवली. ‘यंत्र’ या खात्यावर मी लिहिले: वरच्या मजल्यावरचा ऱ.

त्याच रात्री, झोप उडालेली असल्यामुळे, ‘संत तुकाराम’ पुन्हा पाहिला. ‘प्रभात’चा हा चित्रपट १९३६ चा. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली ती कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली, आणि तिच्या पाच संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले व फत्तेलाल या दोघांनी मिळून तो दिग्दर्शित केला. दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, दामल्यांचा ओढा यंत्राकडे आणि फत्तेलालांचा चित्रकलेकडे. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, ही गोष्ट ठाऊक झाल्यावर त्यांच्या चालण्यातला आणि मान कलती ठेवण्यातला मृदुपणा कुठून आला असावा, याचा काही उलगडा होतो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ह्या चित्रपटाचा गौरव झाला, हे सारेच सांगतात. मला त्याहून आवडते ती गोष्ट अशी की, त्यातले एक पद तुकोबांचे नव्हेच, ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले, आणि तरीही ते गाथेत शोधत बसण्याची पाळी भल्या भल्या जाणकारांवर आली.

ह्या वेळी मात्र माझे लक्ष तुकोबांवरून ढळून गौरीबाईंनी उभ्या केलेल्या जिजाईवर खिळले. लहानपणी ती मला कजाग वाटे, आणि आज असे वाटते की त्या घराचा जमाखर्च ठेवणारी तीच एकटी आहे. नवरा भजनात, घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलेले. तेव्हा पायताण हाती घेऊन ती थेट देवळात जाते आणि विठोबाकडे तगादा लावते. मोबदल्याची वाट पाहणाऱ्या कोणाही शिलेदाराला त्या प्रसंगाशी तत्काळ नाते जुळल्यासारखे वाटेल.

आपल्याला हे सारे आज पाहावयास मिळते, ते एका अर्थी नशिबाने. १९५० च्या सुमारापर्यंतच्या चित्रफिती नायट्रेटवर काढलेल्या असत आणि नायट्रेट हे स्फोटक कापसाचे भावंड आहे: ज्वलनाला लागणारा प्राणवायू त्याच्या अंगातच असल्यामुळे एकदा पेटले की पाण्याखालीही जळत राहते, आणि न पेटले तरी काही दशकांत चिकट होऊन शेवटी भुकटी होते. शिवाय फितीत चांदी असते. कित्येक बोलपट त्या चांदीसाठी भंगाराच्या भावाने गेले. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी कारकीर्दभर गावोगाव फिरून, मनधरणी करून, प्रसंगी जुन्या गोदामांतून रिळे जमवली. तरीही २००३ च्या जानेवारीत, जिथे पूर्वी ‘प्रभात’चा स्टुडिओ होता त्याच चित्रपट संस्थेच्या आवारात आग लागून नायट्रेटवरच्या जुन्या फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. आधीच ज्यांच्या प्रती दुसऱ्या सुरक्षित फितींवर उतरवून ठेवल्या होत्या ते चित्रपट वाचले. वाचण्यामागे प्रतिभेचा काही हात नव्हता. कोणीतरी वेळेवर नक्कल करून ठेवली होती, एवढेच.

वही मागे चाळताना मला असेही आढळते की, जे जे मला आवडले म्हणून मी लिहिले, त्यांतल्या बहुतेकांमागे अशीच कोणाची तरी निगा आहे. गुरुवारी बाहेरगावचे पाहुणे आले म्हणून त्यांना केळकर संग्रहालयात नेले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अल्पवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ ते उभे केले. तिथल्या अडकित्त्यांपुढे पाहुणे अर्धा तास हलेनात: मोर, घोडे, जोडपी, नाना आकृत्यांचे, आणि तरीही प्रत्येकाची धार सुपारी कातरायला सज्ज. ती संध्याकाळ तेवढ्यावरच संपली.  

शुक्रवारी सकाळी मात्र गल्लीतून ‘कल्हईऽऽ’ अशी हाक आली आणि आई स्वयंपाकघरातून जवळजवळ धावतच बाहेर आली. “अरे, थांबव त्यांना! वर्षभर वाट बघते आहे मी.” पितळेची दोन पातेली, एक परात आणि ताकाचे तपेले अशी बैजवार मंडळी फळीवरून उतरली.

ज्यांच्या घरात फक्त स्टील उरले आहे त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. त्यात ताक, चिंच, आमसूल असे आंबट काही ठेवले की आम्लाने तांबे विरघळते, पदार्थ हिरवट होतो, तोंडाला कसकसते आणि पोटातही गडबड होते. याला आपल्या घरांत ‘कळकणे’ म्हणतात. ह्यावर उपाय म्हणून आतल्या बाजूस कथिलाचा पातळ थर देतात, तीच कल्हई. कथिलावर ह्या सौम्य आम्लांचा फारसा परिणाम होत नाही, आणि ते अवघ्या २३२ अंशांवर वितळते, म्हणजे पितळेला धक्का न लावता त्यावर पसरवता येते.

कल्हईवाल्या चाचांनी रस्त्याच्या कडेला खळगा करून कोळसे पेटवले, हाताने फिरवायचा भाता जोडला आणि घासून लख्ख केलेले पातेले त्यावर उपडे-उताणे फिरवू लागले. ते पुरेसे तापले की चिमूटभर नवसागर आत टाकायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि नाकाला झोंबणारा तो वास येतो, जो एकदा लहानपणी घेतलेला असला की जन्मात विसरत नाही. हा धूर म्हणजे निव्वळ तमाशा नव्हे. उष्णतेने नवसागराची फोड होऊन अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, आणि ती वाफ धातूच्या पृष्ठावरचा काळसर गंज खाऊन टाकते. त्याशिवाय कथिल धातूला धरत नाही, थेंबाथेंबाने घरंगळते. मग कथिलाची कांडी एकदा टेकवायची, कापसाच्या बोळ्याने तो थेंब गोल फिरवायचा, आणि डोळ्यांदेखत पिवळे पितळ आतून चंदेरी होत जाते. थर इतका पातळ की पातेल्याचे वजन वाढल्याचे हाताला कळत नाही. बाहेरून ते जसे होते तसेच.

मी चाचांना कांडीविषयी विचारले, कारण स्वस्ताईसाठी कथिलात शिसे मिसळणारे लोक असतात आणि शिसे हे विष आहे. त्यांनी कांडी माझ्या हातात देऊन सांगितले, “साहेब, वाकवून बघा. कानाजवळ धरा.” शुद्ध कथिल वाकवताना बारीक करकरते, हे मी पुस्तकात वाचले होते, ऐकले त्या दिवशी प्रथम. आईला ही परीक्षा नवी नव्हती. तिची सूचना निराळीच होती, आणि ती मला उद्देशून होती: कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवायचे नाही, कारण ज्योतीच्या धगीला २३२ अंश म्हणजे काहीच नाही आणि थर वितळून गोळा होईल, तारेच्या घासणीने खरवडायचे नाही, आणि काही महिन्यांनी तळाशी पिवळे डोकावू लागले की पुन्हा चाचांना हाक मारायची. “पण ते पुन्हा कधी येतील?” असे मी विचारले, तेव्हा चाचा हसले आणि भाता आवरू लागले.

शनिवारी संध्याकाळी वही उघडली, तारीख घातली, यंत्राचे आणि संस्कृतीचे खाते पुरे केले. घराच्या खात्यावर ‘कल्हई’ असे लिहून थांबलो, कारण रुजवात व्हायची होती. आईने आदल्या रात्रीच तपेल्यात ताक घालून झाकून ठेवले होते, मुद्दाम जरा आंबट. तिने वाटीत ओतून ते माझ्यापुढे सरकवले आणि स्वतः न चाखता माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. ताक पांढरे होते, गार होते, आणि किंचितही कळकले नव्हते. मी दुसरी वाटी मागितली आणि ती संपवून मग शब्दापुढे पूर्णविराम दिला.